कडुनिंबावरचे भुंगेरे आणि आभाळातला डोळा : प्रकल्प नोंदी

४ एप्रिल

आजपासून नोंदवही. सोलापूर-बार्शी रस्त्यालगत, मार्डी ते नान्नज या टापूतल्या कडुनिंबांच्या लागवडीवर हुमणीचे भुंगेरे कधी आणि किती तुटून पडतात, ते उपग्रहाच्या चित्रांत दिसतं का, हे पाहायचं आहे. सोबत एमएस्सीचे दोन विद्यार्थी आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी.

हा विषय का घेतला ते एकदा लिहून ठेवते. आमचं घर उसाचं. पावसाळा सरता सरता हिरवागार फड पिवळा पडतो, ऊस हातानं ओढला की मुळासकट वर येतो आणि खाली मातीत पांढरी, वळलेली अळी सापडते. हुमणी. तोवर करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. हीच अळी मातीत कोष करून भुंगेरा होते आणि वळवाच्या पावसानंतर बाहेर पडते. रात्री झाडावर पाला खाते, तिथंच मीलन होतं, पहाटे पुन्हा मातीत जाऊन मादी अंडी घालते. पाला कुठला? आमच्याकडे आधी कडुनिंब, मग बाभूळ, मग बोर. म्हणजे उसाच्या मुळाशी सप्टेंबरमध्ये जे दिसतं त्याची पहिली खूण मे महिन्यात झाडाच्या शेंड्याला असते. ती वेळेवर कळली तर भुंगेरे गोळा करता येतात.

एक गोष्ट आमच्या बाजूची आहे. कडुनिंब शिशिरात पान टाकतो आणि पाडव्याच्या आसपास नव्या पालवीनं भरतो. मे महिन्यात माळावरचं गवत वाळून पांढरं झालेलं असतं, आणि त्यात हिरवं फक्त झाड. पिवळ्या कागदावर हिरवा ठिपका. इतका स्वच्छ फरक दाट जंगलात काम करणाऱ्यांनाही मिळत नाही.

११ एप्रिल

जागा ठरल्या. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री फिरणं बरोबर नाही आणि परवानगीही मिळणार नाही, म्हणून हद्दीबाहेरच्या जुन्या लागवडी घेतल्या. वनरक्षक ताई दिवसभर सोबत होत्या. चार तुकडे : क, ख, ग, घ. पहिले तिघे उसाच्या रानांना लागून आहेत. घ मात्र उंच माळावर आहे, आसपास ऊस नाही, जमीन मुरमाड. तो तुलनेसाठी.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या जोडीच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन. टेपनं झाडांच्या पसाऱ्याचा व्यास मोजला. मध्यम कडुनिंबाचा आठ मीटर भरला. म्हणजे वरून साधारण ५० चौरस मीटर, पिक्सेलच्या १०० चौरस मीटरांतले निम्मे. उरलेल्या निम्म्यात वाळलं गवत आणि माती. झाडाचा अर्धा पाला गेला तरी पिक्सेलच्या दृष्टीनं एक चतुर्थांश भागच बदलला. हे गणित पोरांनी स्वतः मांडलं, आणि एकटं झाड पकडण्याचा नाद आजच सोडायचा असं ठरलं. तुकडा सहा हेक्टरचा असला की सहाशे पिक्सेल मिळतात. सरासरीवर भरवसा ठेवता येतो.

२८ एप्रिल

मागच्या वर्षांची मे महिन्याची चित्रं उतरवून घेतली, २०१९ पासूनची. लाल प्रकाशाचा बँड आणि अवरक्ताचा बँड घेऊन एनडीव्हीआय काढला. (हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त परतवून लावतं. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज. हिरवाई जितकी जास्त तितका आकडा मोठा.)

निकाल पाहून सगळे गप्प झाले. २०२१ पर्यंत क तुकडा ०.३३ च्या आसपास, आणि २०२२ पासून पुढे ०.२३. ख, ग, घ, सगळ्यांचं तेच. मुलगी म्हणाली, मॅडम, त्या वर्षी काहीतरी मोठं झालं असणार, इतकी झाडं एकदम कशी खंगतील? मलाही तसंच वाटलं. २०२१ साली तेलंगणात कडुनिंबांचे शेंडे मोठ्या प्रमाणावर वाळले होते, त्यामागे फोमोप्सिस नावाची बुरशी होती. ती इकडेही आली असेल का, या दिशेनं आम्ही विचार करू लागलो.

३ मे

नाही. झाडांना काही झालेलं नव्हतं.

ख तुकड्याशेजारच्या डांबरी रस्त्याचा आकडाही बदललेला दिसला, तेव्हा शंका आली. डांबराला कीड लागत नाही. मग चित्रासोबत येणारी माहितीची फाइल ओळीओळीनं वाचली. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ ची चित्रं तयार करण्याची पद्धत बदलली आहे. प्रत्येक बँडच्या आकड्यात १००० मिळवून ठेवलेले असतात आणि वापरण्याआधी ते वजा करायचे असतात. आम्ही केले नव्हते.

हे सविस्तर लिहिते, कारण इथं कुणीही फसेल. समजा लाल १४०० आणि अवरक्त २८००. वजाबाकी १४००, बेरीज ४२००, उत्तर ०.३३. आता दोन्हीत १००० मिळवा : २४०० आणि ३८००. वजाबाकी तीच १४००, पण बेरीज ६२००, उत्तर ०.२३. एक पानही न गळता हिरवाई घटल्यासारखी दिसते. गूगल अर्थ इंजिनमध्ये ही दुरुस्ती करून ठेवलेला संच मिळतो, पण आम्ही चित्रं थेट उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली होती. पाच दिवस गेले. तेवढ्या काळात आम्ही मनातल्या मनात एक रोगाची साथ उभी केली होती, याचं मला जास्त वाईट वाटलं. यापुढे प्रत्येक चित्रात रस्त्याचा आणि खडी केंद्राच्या पटांगणाचा आकडा आधी पाहायचा. जे बदलूच शकत नाही ते बदललेलं दिसलं तर काम तिथंच थांबवायचं.

दुरुस्तीनंतर चारही तुकडे सपाट रेषेत आले.

१३ मे

कालचं चित्र स्वच्छ. क ०.३३, ख ०.३१, ग ०.३४, घ ०.३२. हीच आमची तुलनेची पायरी. जोडीतला एक ना एक उपग्रह दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास वरून जातो. पुढची चित्रं १७, २२, २७ ची.

२० मे

परवा संध्याकाळी वळीव झाला. जोरात आला, तासभर पडला, मातीला वास सुटला. तात्यांचा लगेच फोन आला. क तुकड्याला लागून त्यांचा ऊस आहे. "बाई, उद्या दिवेलागणीला या. आज नाही. मातीत ओल मुरू द्या, मग ते वर येतेत."

काल सहालाच पोचलो. साडेसहापर्यंत काहीच नाही. मग सातच्या पुढे, अंधार जमिनीवर उतरत असताना, बांधाच्या मातीत बारीक भोकं पडू लागली आणि प्रत्येकातून एक तपकिरी पाठ वर आली. जरा थांबून, पंख उघडून, जड उड्डाणानं सरळ झाडाकडे. वाट चुकणं नाही, इकडेतिकडे घिरट्या नाहीत. अर्ध्या तासात त्या कडुनिंबाखाली उभं राहून बोलणं अवघड झालं, इतकी घरघर. बॅटरी वर मारली तर प्रत्येक डहाळीला जोड्या लोंबकळलेल्या. आठच्या सुमारास उडणं थांबलं आणि दुसरा आवाज सुरू झाला. हलका, कोरडा, पावसाची पहिली भुरभुर पाचोळ्यावर पडावी तसा. शंभर-दोनशे जबडे पानं कातरत होते. मुलगा रेकॉर्ड करायला फोन वर धरून उभा होता. त्याच्या बाहीवर हिरवट काळे बारीक दाणे पडत होते. ती त्यांची विष्ठा.

आज पहाटे पुन्हा गेलो. एकही भुंगेरा नाही. झाडाखाली पानांचे तुकडे. डहाळी हातात घेतली तर पानांच्या कडा अर्धगोल कातरलेल्या, काही पात्यांची नुसती मधली शीर राहिलेली. शेळीनं ओरबाडलेलं पान असं दिसत नाही, आणि वाळून गळलेलंही नाही. ही खूण ओळखायला पोरांना अजिबात वेळ लागला नाही. डहाळ्या वर्तमानपत्रात दाबून ठेवल्या आहेत.

तात्या आकडी लावलेली काठी आणि रॉकेल घातलेलं पाण्याचं घमेलं घेऊन रात्री दहापर्यंत फांद्या हलवत होते. एकटा माणूस किती झाडं हलवणार?

२३ मे

कालचं चित्र आलं. क ०.३२. काहीच नाही. हवेतल्या धुळीनं आणि सूर्याच्या कोनानंही ०.०२ चा फरक पडतो, त्यामुळे यातून काही म्हणता येत नाही. आम्ही रात्री जे डोळ्यांनी पाहिलं त्याची तिथं नोंदच नाही. मुलगी खट्टू झाली. तिला सांगितलं की तीनच रात्रींचं खाणं आणि सहा हेक्टर रान, थांबावं लागेल. पण खरं सांगायचं तर मीही त्याच मनःस्थितीत होते.

२८ मे

दिसलं.

कालच्या चित्रात क ०.२७, ग ०.२९, घ ०.३२. घ हलला नाही. रस्ता आणि पटांगण तपासलं, दोन्ही जागच्या जागी. क मध्ये उसाच्या बाजूचे पिक्सेल जास्त उतरलेत, माळाच्या बाजूचे कमी. तुकड्याच्या कडेनं आत पसरत गेलेला एक पट्टा नकाशावर सरळ दिसतो, आणि तो पट्टा तात्यांच्या बांधावरूनच सुरू होतो. मधल्या आठवड्यात आणखी एक सर झाली होती, दुसरी झुंड तेव्हा आली असणार.

ख तुकडा मात्र सगळ्यांत जास्त उतरला होता, ०.३१ वरून थेट ०.२२. आम्ही आनंदानं गाड्या काढून तिकडे गेलो. तिथं भुंगेरे नव्हते. फांद्या कोयत्यानं तासलेल्या होत्या आणि झाडांखाली शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या. जवळच वाडा बसवलेले मेंढपाळ मामा भेटले. उन्हाळ्याचं शेवट, रानात गवताची काडी नाही, तर जनावर जगवायचं कसं, असं त्यांनी उलट विचारलं. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कशासाठी आले ते सांगितलं तेव्हा म्हणाले, "वरून किडा दिसतंय व्हय?" मी म्हटलं, किडा नाही दिसत, पाला गेलेला दिसतो. ते जरा विचार करून म्हणाले, "मग मी बी किडाच की तुमच्या यंत्राला."

प्रकल्पाचं मर्म यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. उपग्रहाला कारण दिसत नाही. कोयता, कीड, दुष्काळ, बुरशी, सगळ्यांचा आकडा सारखाच खाली येतो. फरक कळतो तो उतरणीच्या चालीवरून. कोयत्याची उतरण एका चित्रातून दुसऱ्यात एकदम होते आणि तिला सरळ कडा असतात. भुंगेऱ्यांची उतरण पावसानंतर सुरू होते, दोन-तीन चित्रांत पायरीपायरीनं होते आणि उसाकडून माळाकडे विरळ होत जाते. आणि पावसाची तारीख हाताशी नसेल तर यातलंही काही कळत नाही. ती तारीख तात्यांच्या फोननं आली होती.

८ जून

१ तारखेचं चित्र निम्मं ढगाखाली, ६ चं पूर्ण. चित्रासोबत येणारा ढगांचा थर लावला तरी ढगांच्या सावल्या सुटतात आणि सावलीतला पिक्सेल कीड लागल्यासारखा दिसतो. निम्म्या चित्रातला जो भाग मोकळा होता त्यात सगळ्या तुकड्यांचे आकडे वर गेलेले. झाडं सुधारली म्हणून नाही. पावसावर खालचं गवत उगवलं. भुंगेरे वर पाला खात असताना खालून माळ हिरवा होतोय आणि पिक्सेलमध्ये दोन्ही एकत्र मिसळतात.

म्हणजे आमच्या हाती जी वेळ होती ती पहिल्या वळवापासून गवताचे कोंब वर येईपर्यंतची. दहा-बारा दिवस. त्यात दोन चित्रं, फार तर तीन. या मुदतीत आभाळ मोकळं राहिलं हे आमचं नशीब. दर वर्षी राहीलच असं नाही. यापुढे सरळ आकडा न पाहता प्रत्येक तुकड्याचा घ तुकड्याशी असलेला फरक पाहायचा. गवत दोन्हीकडे उगवतं, भुंगेरे एकीकडेच येतात.

सेंटिनेल-१ या दुसऱ्या उपग्रहाच्या रडारला ढग आड येत नाहीत, म्हणून तेही उघडून पाहिलं. पण पावसानं भिजलेली माती रडारच्या आकड्यात इतकी फिरवाफिरव करते की पाल्याचा फरक त्यात बुडून जातो. सध्या बाजूला ठेवलं.

२१ जून

पाऊस लागून आहे, शेतावर जाता येत नाही. वाचन.

या विषयावरचं बहुतेक काम थंड देशांतल्या सूचिपर्णी जंगलांवर झालेलं आहे. युरोपात २०१८ च्या दुष्काळानंतर स्प्रूसच्या सालीत शिरणाऱ्या भुंग्यानं फार मोठी जंगलं वाळवली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पाइनची तीच गत झाली. तिथं झाडाच्या तीन अवस्था मानतात. भुंगा शिरलाय पण सुया अजून हिरव्या, मग लाल, मग राखाडी. लाल आणि राखाडी वरून सहज दिसतात, पण तोवर भुंगा पुढच्या झाडावर गेलेला असतो. सगळी धडपड पहिली अवस्था पकडण्याची, आणि तीच सगळ्यांत अवघड. आपल्याकडे मध्य प्रदेशात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सालवृक्षाला खोडकिड्यानं असंच पोखरलं होतं.

आमचा कडुनिंब तसा मरत नाही. पाला खाल्ला तरी महिन्याभरात पुन्हा फुटतो. या बाबतीत तो सागासारखा आहे. सागाची पानं खाणारी अळी अख्खी लागवड उघडी करते, झाड पुन्हा पालवतं, पण त्या वर्षीची लाकडाची वाढ बुडते. म्हणून तिकडच्या पद्धती जशाच्या तशा उचलून चालणार नाही. त्यांना कायमचा घाव शोधायचा असतो. आमचा घाव महिन्याभरात भरून येतो आणि झाडाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते शेजारच्या उसाचं.

३ जुलै

१ तारखेचं चित्र नशिबानं मोकळं मिळालं. क आणि घ मधला फरक जवळपास मिटलाय. जाऊन पाहिलं, कातरलेल्या पानांच्या वर नवी तांबूस पालवी. आजपासून कुणी चित्रं पाहायला सुरुवात केली असती तर इथं काही घडलंच नाही असं म्हणाला असता.

गावात नकाशा दाखवला. देवळासमोर पंधरा-वीस जण जमले. बहुतेकांना नकाशापेक्षा आपलं रान कुठं आहे ते शोधण्यात रस होता आणि ते बरोबरच होतं, कारण एकदा रान सापडलं की प्रत्येकानं पट्टा आपल्यापासून किती लांब ते पाहिलं. क आणि ग च्या पाचशे मीटरच्या आतल्या उसात ऑगस्टपासून मुळं उकरून बघायची, अळी लहान असतानाच तिला मारणारी मेटारायझियम बुरशी शेणखतातून द्यायची, असं ठरलं. अळी मोठी झाली की कशालाच दाद देत नाही. पुढच्या वर्षी पहिल्या वळवानंतर सगळ्यांनी मिळून प्रकाश सापळे लावायचे आणि झाडं हलवायची, हेही बोलणं झालं. एकट्यानं करून उपयोग नाही, कारण शेजाऱ्याच्या बांधावरचा भुंगेरा आपल्याच रानात अंडी घालतो.

१७ ऑगस्ट

तात्यांच्या उसात सहा ठिकाणी फूटभर खड्डे घेतले. चारांत अळ्या, बोटाच्या पेराएवढ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तोंड तपकिरी. मातीसकट तळहातावर घेतल्या तर सावकाश सरळ होऊ पाहतात. तात्यांनी एकही शब्द न बोलता त्या घमेल्यात टाकल्या. आठवड्यापूर्वी बुरशी टाकून झाली आहे, पण वाटतं उशीर झाला.

माळाच्या बाजूच्या रानात काहीच सापडलं नाही. इथवर नकाशा खरा ठरला.

१४ सप्टेंबर

आणि इथं चुकला. घ च्या पलीकडे, आमच्या पट्ट्यांपासून दोन किलोमीटर लांब, एका एकरभर उसात हुमणीनं कडेचा ऊस आडवा पाडलाय. आमच्या नकाशात तो भाग कोरा होता. शेतकरी ताई मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या की तुमच्या नकाशात आमच्याकडे काही नव्हतं ना? त्यांनी त्या भरवशावर मुळं उकरून पाहिली नव्हती. नकाशात रंग नाही म्हणजे धोका नाही असं त्यांनी मानलं, आणि तसं मानू नका हे मी देवळासमोर पुरेसं ठासून सांगितलं नव्हतं. मी त्यांची माफी मागितली.

त्यांच्या बांधावर सात कडुनिंब आहेत, एका ओळीत, मोठाले. एप्रिलमध्येच सोडून दिलेली एकेकटी झाडं. दहा मीटरच्या पिक्सेलला ती दिसणार नाहीत हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं. भुंगेऱ्यांना मात्र लागवड आणि बांध यात काही फरक नाही.

२ ऑक्टोबर

यापुढचा नकाशा दोन थरांचा करायचा. एक उपग्रहाचा, लागवडींसाठी. दुसरा पायी फिरून केलेला, बांधावरच्या झाडांचा. जो भाग पाहिलाच नाही तो कोरा न ठेवता राखाडी रंगवायचा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पाहिलेला नाही' असं लिहायचं.

आज सकाळी त्याची सुरुवात केली. मुलगी जीपीएस घेऊन पुढं, मुलगा वहीत नोंदी घेत मागं, आणि तात्या व त्या ताई चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन. झाड मोजलं की बुंध्यावर एक पांढरा पट्टा. पहिला त्या सात कडुनिंबांना. दुपारपर्यंत ओढ्याच्या अलीकडचे बांध झाले, १३४ झाडं. पलीकडचे उद्या.